नऊ बाय पाचची होडी

ऐक रे तू नुसता. मध्ये विचारू नकोस, आणि हसू तर मुळीच नकोस, कारण ज्याची गोष्ट सांगतोय तो गुरुदास मास्तर उद्या सकाळी सातच्या एसटीने रत्नागिरीला निघालाय, आणि परवापासून पेजेशिवाय त्याच्या पोटात काही ठरलेलं नाही.

तू मुंबईला, म्हणून पहिल्यापासून सांगतो. आपल्या गावची इंग्रजी शाळा दहावीपर्यंत. अकरावी करायची तर मालवणला जाऊन राहायचं. मुलगे जातात कसेबसे, कुणाची मावशी असते, कुणाची आते. मुलींची शाळा मात्र दहावीला सुटली की सुटली. म्हणून यंदा हेडमास्तर भाईसरांनी अकरावीच्या वर्गाची परवानगी मागितली, आणि वरून एक फॉर्म आला, बावीस प्रश्नांचा. तो भरायला दिला गुरुदासला. का, तर त्याचं अक्षर चांगलं. चांगल्या अक्षराने माणसाचं किती वाटोळं होतं यावर कुणीतरी एकदा नीट लिहायला हवं. वाईट अक्षराच्या माणसाला कुणी काही भरायला सांगत नाही, तो बिचारा सुखात जगतो.

तेरा प्रश्नांपर्यंत सगळं खरं लिहिलं. चौदावा प्रश्न होता, बैठ्या खेळांची काय व्यवस्था आहे? व्यवस्था म्हणजे एक कॅरम, त्याची राणी हरवलेली, तिच्या जागी आम्ही सुपारी ठेवतो. 'कॅरम एक, सुपारीसह' असं लिहायचं त्याच्या जिवावर आलं. कोल्हापूरला मास्तरकीची बी.टी. करत होता तेव्हा वसतिगृहात टेबल टेनिस चालायचं. हा खेळला किती, तर दोनदा. बाकी वर्षभर खिडकीत उभा राहून बघितलं. पण त्या क्षणी डोळ्यांसमोर ते हिरवंगार टेबल आलं आणि हाताने आपलं लिहून टाकलं, 'टेबल टेनिस : टेबल एक, सुस्थितीत.' त्यातला 'सुस्थितीत' तर इतका देखणा काढला की भाईसरांनी न वाचता, नुसतं अक्षर बघून सही ठोकली.

उत्तर आलं गेल्या महिन्याच्या तीन तारखेला, पत्रावर शिक्का नोव्हेंबर एकसष्टचा. इन्स्पेक्टरसाहेब एकवीस तारखेला स्वतः तपासणीला येणार. आणि खाली, टाइप केलेलं नव्हे, शाईने, दोन ओळी : 'आपल्या शाळेत टेबल टेनिस आहे हे वाचून आनंद झाला. मीही कॉलेजात खेळत असे. एक डाव अवश्य टाकू.'

भाईसरांनी पत्र दोनदा वाचलं. मग चष्मा काढून विचारलं, "गुरुदास, टेबल खंय आसा?"

"नाय, सर."

"मगे सुस्थितीत कसा?"

तसं बघायला गेलं तर नसलेल्या टेबलाइतकं सुस्थितीत दुसरं काय असणार, पण हे बोलायची ती वेळ नव्हती. भाईसर म्हणाले, "अठरा दिवस आसत. टेबल होवंक व्हया. नायतर अकरावी गेली, आणि खोटा लिवलास म्हणान तुमची नोकरी तिच्या पाठसून."

संध्याकाळपर्यंत गावाला कळलं. आता आपला गाव तुला माहीत आहे, सल्ला द्यायला कधी कंटाळला नाही. विश्राम दुकानदार म्हणाला, शाळेची दोन दारं काढून बाकांवर घाला, हिरवा रंग मारा, दारांविना साहेबाला वारा छान लागेल. निवृत्त पोस्टमास्तरांनी सुचवलं की टेबल चोरीला गेलं अशी फिर्यादच द्यावी, म्हणजे ते होतं हे सरकारदरबारी सिद्ध होतं. गुरुदासला हे पटलंही होतं, पण पोलीस पहिलं विचारणार की रंग कुठला, आणि मग पुन्हा फॉर्म.

तेवढ्यात शेजारची अक्का आली. अक्काची विमला दहावीत, वर्गात पहिली, आणि मालवणात त्यांचं कुणी नाही. अक्का उंबऱ्यावरूनच म्हणाली, "गुरुदासा, गेल्या वादळात पडललो साग माझ्या परड्यात आसा. विमलाच्या लग्नात पलंग करूचो म्हणान ठेवललो. घेवन जा."

"आणि पलंग, अक्का?"

"पलंगाचा मागसून बघतलंय. आदी माझा चेडू विमला अकरावी होवंदे. झोप काय, चटयेरय येता."

आतापर्यंत गुरुदासच्या डोक्यावर नुसती नोकरी होती. आता वर पलंग आला, विमला आली.

साग परड्यात पडलेला, झाड अक्काचं, जमीन अक्काची. तरी तो हलवायचा तर पास लागतो. गुरुदास तालुक्याला जंगलखात्याच्या कचेरीत गेला. तिथला कारकून शुद्ध बोलणारा.

"लाकूड कशासाठी?"

"टेबल टेनिससाठी."

कारकुनाने छापील कागद पुढे केला. त्यावर होतं : घर, गोठा, नांगर, गाडी, होडी. "यातलं एक सांगा."

"यातलं नाहीये, साहेब. खेळायचं टेबल आहे."

"मग साग परड्यातच खेळू दे."

दुसऱ्या दिवशी भाईसरांचं पत्र घेऊन गेला. कारकुनाने पत्राचं कौतुक केलं, अक्षराचंही केलं, आणि तोच कागद पुढे केला. तिसऱ्या दिवशी गुरुदास इतका थकला होता की त्याने डोळे मिटले, घर म्हणावं तर लहान, नांगर म्हणावा तर मोठा, आणि म्हणाला, "होडी."

"हां," कारकून एकदम घरच्यासारखा हसला. "असं पहिल्या दिवशी नाही का सांगायचं. होडी बांधणाऱ्या सुताराचं नाव घाला इथे. आणि दहा दिवसांत आमचा गार्ड येईल, होडी पाण्यात बघून जाईल. दिसली नाही तर लाकूड सरकारजमा."

बघ आता. एका सरकारी कागदावर नसलेलं टेबल, दुसऱ्या सरकारी कागदावर नसलेली होडी, आणि दोन्हीकडे तेच मोत्यासारखं अक्षर.

पासावर होडीच्या सुताराचं नाव, म्हणजे काम त्याच्याचकडे जाणार. खाडीकाठचा गंगाराम मेस्त. म्हाताऱ्याने जन्मात होड्यांशिवाय काही केलं नाही. त्याच्या घरात जेवायला पाट आहेत ना, तेही पुढून निमुळते.

"मेस्तानू, मेज व्हया," गुरुदास म्हणाला. "नऊ फूट लांब, पाच फूट रुंद."

"माणसां कितकी बसतली?"

"कोण बसूचो नाय."

"मगे माल?"

"मालय नाय. वरती चेंडू उडवूचो."

मेस्ताने एक विडी पुरती ओढली. "आणि पाणी? पाणी खंयच्या बाजून जातला?"

"पाणी कसला, मेस्तानू? तां शाळेत रवतला."

"शाळा गळणा नाय?"

शाळा गळते. पावसाळ्यात सहावीचा वर्ग पाचवीत बसतो आणि पाचवी व्हरांड्यात. हे गुरुदासला नाकबूल करता येईना, आणि तिथेच तो चुकला. म्हणाला, "बरां, तां तुमी बघा."

होडीच्या मेस्ताला 'तां तुमी बघा' म्हणायचं नसतं रे. होडीवरची फळी सपाट कधी असते का? मध्ये उंच, दोन्ही अंगांना उतार, म्हणजे लाट आली तरी पाणी आपलं चाललं खाली. पाणी राहिलं की फळी कुजली, फळी कुजली की मेस्ताचं नाव कुजलं. हे त्याला बापाने शिकवलं, बापाला त्याच्या बापाने. नऊ बाय पाचचं मेज आलं म्हणून काय चार पिढ्या विसरायच्या?

सोळा तारखेला टेबल तयार झालं. काय सुंदर काम, सांगू. चार पाय असे की हत्ती उभा करावा, सांधा शोधून सापडायचा नाही, खालून चारी बाजूंनी वीतभर उंचीची पट्टी. वरून मोरी माशाच्या तेलाचे तीन हात, होडीला देतात तसेच. आणि मधोमध टेबल दोन बोटं उंच.

गुरुदासने कोल्हापूरच्या मित्राकडून पार्सलने बॅटी आणि चेंडू मागवले होते. त्याने एक चेंडू टेबलावर ठेवला. चेंडूने क्षणभर विचार केला आणि डावीकडे घरंगळला. पुन्हा ठेवला. उजवीकडे.

"मेस्तानू," तो हळूच म्हणाला, "ह्या सपाट नाय."

मेस्ताने असं बघितलं की जणू त्याच्या मुलीला बघायला आलेल्या माणसाने तिला चालून दाखव म्हटलंय. "सपाट फळयेर पाणी रवता, मास्तरानू. चाळीस वर्सां काम करतंय. हयसर एक थेंब रवललो दाखवा." आणि कळशीभर पाणी ओतलं टेबलावर. नाही राहिला एक थेंब. जमलेली माणसं वाहवा म्हणाली.

टेबल गाडीत घालून शाळेत आणलं. जाळं लागतं मध्ये, ते मच्छीमारांच्या गाबीतवाड्यातून मिळालं, बांगड्याचं, जुनं पण धुतलेलं, म्हणजे त्यांच्या मते धुतलेलं. जाळ्याचा आणि तेलाचा वास मिळून असा काही सुटला की दुपारपर्यंत टेबलाखाली गावातली सात मांजरं येऊन बसली. हाकलली की दारापर्यंत जायची, पुन्हा येऊन आपापल्या जागी बसायची.

दुरुस्तीला वेळ कुठे? गुरुदासने बाबली शिपायाला समोर उभं केलं आणि सराव सुरू केला. सकाळी शाळेआधी, दुपारी सुटीत, संध्याकाळी दिवेलागणीपर्यंत. आणि एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली, की या टेबलावर चेंडू पडला की तो समोर येतच नाही. डाव्या अंगावर पडला की डावीकडे खाली, उजव्या अंगावर पडला की उजवीकडे खाली. तेव्हा टेबलासमोर उभंच राहायचं नाही. खेकड्यासारखं कोपऱ्यात वाकून बसायचं आणि चेंडू घरंगळला की खालून उचलून मारायचा. दोन दिवसांत हा त्यात असा तयार झाला की बाबली म्हणाला, "मास्तरानू, तुमी खेळतास काय नारळ वेचतास?"

एकोणीस तारखेला सकाळी जंगलखात्याचा गार्ड आला. होडी दाखवा.

शाळेला सुटी दिली. टेबल पुन्हा गाडीत, गाडी पुन्हा खाडीवर. गुरुदासचं तोंड बघवत नव्हतं. मेस्त मात्र शांत. "उलटां करा," म्हणाला. उलटं केलं, आणि काय सांगू तुला, वरची ती दोन बोटं उंची खाली गेली आणि छान तळ झाला, भोवतीच्या पट्ट्यांचा काठ झाला, चार पाय आकाशाकडे. मेस्ताने नारळ फोडला, कुंकू लावलं, आणि ढकललं पाण्यात. तरंगलं रे. इतकं डौलात तरंगलं की गाबीतवाड्यातली माणसंही मान डोलवायला लागली.

गार्ड म्हणाला, "माणूस बसल्याशिवाय होडी कशी म्हणू?"

सगळ्यांनी गुरुदासकडे बघितलं. धोतर खोचून बसला बिचारा, दोन हातांनी दोन पाय धरून. म्हणजे टेबलाचे.

"आणि वल्हं?"

बाबलीने घाईत जे हाताला लागलं ते दिलं. बॅट. गुरुदास बॅटीने पाणी मारायला लागला, आणि नेमकी त्याच वेळी ओहोटी लागलेली. टेबल निघालं. आधी सावकाश, मग जरा बऱ्यापैकी, मग किनाऱ्यावरून पोरं धावत होती तीही मागे पडली. भाईसर ओरडत होते, "मास्तर, परत या, परवा तपासणी आसा." अक्का छातीवर हात ठेवून उभी, आणि विमला तिला विचारत होती, "आई, मास्तर पोहतात काय गो?" अर्ध्या मैलावर तरीच्या नावाड्याने त्याला आकडीने ओढून घेतलं. गार्डने कागदावर लिहिलं : 'होडी एक. काठ्या चार. पाण्यावर चालते. मास्तर स्वतः चालवतात.' आणि चहा पिऊन गेला.

आता भिजलेलं टेबल दोन दिवस कडक उन्हात वाळत घातलं. एकवीस तारखेला सकाळी बघतात तर दोन बोटांची तीन बोटं झालेली.

साहेब दहाच्या एसटीने उतरले. देशावरचे, उंच, गोरे, पन्नाशीला आलेले, आणि बगलेत स्वतःची बॅट, कापडी खोळीत. वर्ग बघितले, खूश. हजेरीपट बघितले, खूश. विमलाने कविता म्हटली, फार खूश. मग हात चोळत म्हणाले, "चला, आता टेबल."

खोलीत शिरल्या शिरल्या थांबले. नाक वर केलं. मग खाली बघितलं.

"ही मांजरं?"

"जीवशास्त्र," भाईसर म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले असतील, कान लाल झाले.

गुरुदासने श्वास कोंडला होता. आता टेबलाकडे बघणार आणि सगळं संपणार. पण साहेबांनी चष्मा काढला, घडी केला, खिशात ठेवला. "खेळताना फुटतो," म्हणाले. आणि चष्म्याविना साहेबांना टेबल काय, गुरुदाससुद्धा धूसर दिसत होता.

विमला गुण सांगायला उभी राहिली. खिडक्यांत सगळा गाव. साहेबांचा खेळ खरंच देखणा रे, मनगट असं फिरायचं की बघत राहावं. पण ते उभे टेबलासमोर, चेंडूची वाट बघत, आणि चेंडू त्यांच्या बाजूला टप्पा घेऊन कोपऱ्यातून खाली उतरलेला. इकडे गुरुदास खेकडा होऊन बसलेला, सवयीने, साहेबांचे सगळे चेंडू उचलून परत.

"पाच शून्य," विमला म्हणाली. "नऊ एक."

मेस्त खिडकीतून शेजाऱ्याला सांगत होता, "बघलंस? उतार बघलंस?"

साहेबांचं तोंड उतरायला लागलं. भाईसर साहेबांच्या पाठीमागून हाताने खूण करू लागले, हरा, मास्तर, हरा. गुरुदासलाही कळत होतं. शिफारस अजून लिहायची होती. साहेबाला गावासमोर नागवून अकरावी मिळते का कुठे? त्याने ठरवलं, हरायचं. आणि सर्व्हिस मुद्दाम सरळ जाळ्यात मारली.

जाळं बांगड्याचं. बांगड्याच्या जाळ्याची भोकं एवढी मोठी. चेंडू त्यातून सरळ पलीकडे गेला, साहेबांच्या बाजूला टप्पा घेतला आणि उजवीकडे उतरला.

"वा," साहेब म्हणाले. "काय सफाईने जाळ्यालगत काढलात."

पुन्हा जाळ्यात. पुन्हा पलीकडे. मग गुरुदासने जीव खाऊन वर मारला, बाहेर जाऊ दे म्हणून, तो वाशाला आपटून साहेबांच्या कोपऱ्यात पडला. अरे, माणूस घाम गाळून हरायला बघतोय आणि हरता येत नाही, असं कधी बघितलंयस? त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, मी खिडकीत होतो, मी बघितलं. लोकांना वाटलं आनंदाचं.

"एकवीस सहा," विमला म्हणाली, आणि टाळ्या वाजवायच्या की नाही ते न कळून खडू हातात घट्ट धरून उभी राहिली. कुणीच वाजवल्या नाहीत. साहेबांनी घाम पुसला. चष्मा लावला. टेबलाकडे नाही बघितलं, सरळ खुर्चीवर बसून भाईसरांचा फॉर्म काढला आणि लिहायला लागले. पेनाचा आवाज ऐकू येत होता, आणि मांजरांचा.

लिहून झाल्यावर साहेबांनी मान वर केली, आणि हसत होते रे. "वीस वर्षं खेळतोय," म्हणाले. "अशी शैली बघितली नव्हती. अकरावीची शिफारस मी लिहिली आहे. आता एकच. पुढच्या महिन्यात जिल्ह्यातल्या शिक्षकांचे सामने आहेत, रत्नागिरीला. नवं टेबल आलंय तिथे, काचेसारखं सपाट. आपल्या भागातून एकच नाव द्यायचं आहे मला. तुमचं देऊ ना?"

पेन कागदावर टेकवून थांबले.

गुरुदासने शिफारशीकडे बघितलं. शाई अजून ओली होती. नाही म्हणावं तर कारण द्यायला हवं, आणि कारण एकच, टेबल. मग साहेब वाकून बघणार, चौदावा प्रश्न काढणार, 'सुस्थितीत' वाचणार. हो म्हणावं तर रत्नागिरी. विमला त्याच्याकडे बघत होती. अक्का खिडकीच्या गजांना धरून.

"द्या, साहेब," तो म्हणाला.

तेव्हापासून शाळेतला फळा दोन बाकांवर आडवा टाकून सराव चाललाय, कारण गावात तेवढी एकच वस्तू सपाट आहे. चेंडू सरळ येतो रे. अगदी जिथे यायला हवा तिथे येतो, आणि हा आधीच कोपऱ्यात जाऊन वाकलेला. बाबली त्याला रोज एकवीस तीनने हरवतो आणि वर म्हणतो, "मास्तरानू, आज तीन झाले हां." मेस्त म्हणतो, रत्नागिरीचं टेबल चुकलेलं असणार, आपलं मचव्यात घालून समुद्रातून नेऊया. गुरुदासने ताप आला म्हणून निजून बघितलं, तर अक्का काढा घेऊन हजर, आणि उठेपर्यंत हलली नाही. उद्या स्टँडवर ढोल येणार आहे, भाईसर हार घालणार आहेत, विमलाने स्वागतगीताला चाल लावली आहे.

आज दुपारी मला भेटला. पुलावर बसलो होतो. म्हणाला, "माका सांग, माझा चुकला खंय?" म्हणून तुला विचारतोय. तू शिकलेला आहेस, मुंबईत राहतोस, चार माणसांत उठतोस-बसतोस. साहेबांचं पेन कागदावर टेकलेलं, शाई ओली, खिडकीत अक्का. तू असतास तर काय म्हणाला असतास, सांग बघू?